पथ्याचा कागद आणि घरची चूल

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य या त्रयोपस्तंभांत आचार्यांनी आहारास अग्रस्थान दिले, हे आपण सर्वजण विद्यार्थिदशेपासून जाणतो. परीक्षेत त्यावर टिपा लिहिल्या, पुढे व्याख्यानांतून तेच इतरांना सांगितले. तथापि रुग्ण समोर बसला असता, औषधे लिहून झाल्यावर, आहाराविषयी आपण प्रत्यक्षात किती बोलतो याचा हिशेब एकदा प्रामाणिकपणे मांडावयास हवा. बहुतेक वेळा ‘हलके खा, तेलकट, तिखट, आंबट टाळा’ एवढ्या दोन वाक्यांत हा उपस्तंभ आटोपतो. वर्ज्य पदार्थांची यादी लांबलचक असते. परंतु काय शिजवावे, किती पाण्यात शिजवावे, कशाबरोबर वाढावे, याविषयी कागद मौन पाळतो.

प्रस्तुत लेखात नवा सिद्धान्त मांडावयाचा नाही. आमच्या हातून घडलेली एक चूक वैद्यबंधुभगिनींपुढे ठेवावी आणि त्या चुकीनंतर घरोघरी फिरून जमविलेल्या चार-पाच साध्या कृती सांगाव्यात, एवढाच हेतू आहे.

एक कागद आणि तीन आठवडे

गोष्ट सुमारे वीस वर्षांपूर्वीची आहे. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, पावसाने नेहमीच हात आखडता घेतलेल्या एका तालुक्याच्या गावी, आम्ही नुकताच व्यवसाय सुरू केला होता. पासष्टीचे एक शेतकरी आजोबा सुनेसोबत आले. अतिसार होऊन गेल्यानंतर कित्येक महिने अन्न पचत नव्हते. मल कधी द्रव, कधी बद्ध. जेवणावर वासना नाही, अंगात त्राण नाही. लक्षणे ग्रहणीची होती. दीपन-पाचन चिकित्सा योजली आणि त्यासोबत एक छापील कागद दिला. हा कागद आम्ही महाविद्यालयात असताना स्वतः तयार केला होता व त्याचा आम्हांस थोडा अभिमानही होता. पथ्याच्या रकान्यात जुना तांदूळ, मूग, डाळिंब, पडवळ, दुधी भोपळा, गाईचे तूप, मनुका. अपथ्याच्या रकान्यात चांगले तीस-पस्तीस पदार्थ.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले तेव्हा वजन तीन किलोने उतरले होते. काय खाता असे विचारता आजोबा गप्प राहिले. सून म्हणाली, “च्या आणि बिस्किटं. डॉक्टर, या कागदात आमच्या घरातलं काय बी न्हाई. आन् आबा म्हणत्यात, डॉक्टरांनी लिवलं न्हाई ते मी खाणार न्हाई.”

घरात भात सणावारापुरता शिजत असे. मूग एकदा आणले, ते संपले. डाळिंब व मनुका यांचा विचारही शक्य नव्हता. ज्या ज्वारीवर त्या माणसाचे पासष्ट वर्षे पोषण झाले, तिचे नाव आमच्या कागदावर कोणत्याच रकान्यात नव्हते. आज्ञाधारक रुग्णाने आमचा शब्द पाळला आणि तो उपाशी राहिला. पथ्य न पाळणारा रुग्ण हा आपल्या तक्रारीचा नेहमीचा विषय. येथे पथ्य पाळल्यामुळे अपाय झाला होता आणि दोष देण्यास दुसरे कोणीही नव्हते.

वजन घटण्यामागे अन्य कारण नाही ना, याची जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवून तपासणी करून घेतली. तसे काही आढळले नाही. तेव्हा सुनेने भीत भीत विचारले, “आबांस्नी कण्या दिल्या तर चालंल का?”

आमचे मूळ घर कोकणातले, भातखाऊ. कण्या म्हणजे नक्की काय, हे आम्हांस ठाऊक नव्हते. लाज बाजूला ठेवून तिलाच कृती विचारली. ज्वारी जाडसर भरडायची, पीठ चाळून काढायचे, उरलेली कणी भरपूर पाण्यात मऊ शिजवायची आणि ताकासोबत खायची. ती सांगत होती आणि ऐकताना आमच्या ध्यानात येत गेले, की ही तर यवागू! धान्य तेवढे वेगळे. करण म्हणजे संस्कार तोच. त्यात ज्वारी लघु, कषाय-मधुर. जोडीला ताक, जे ग्रहणी-चिकित्सेत दीपन व ग्राही म्हणून चरकाचार्यांनी आवर्जून सांगितले. आम्ही पुस्तकात शोधीत होतो ते पथ्य त्या घरच्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या शिजत होते. रूक्षता कमी करण्यासाठी चमचाभर तूप घालावे, एवढीच भर आम्ही घातली.

पुढील दोन महिन्यांत आजोबांचे वजन हळूहळू भरून आले. औषधे जवळजवळ तीच होती. बदलला तो कागद.

ग्रंथांतील पाकशाळा

या प्रसंगानंतर आम्ही संहितांतील आहारविषयक अध्याय पुन्हा वाचले आणि प्रथमच एक गोष्ट नजरेत भरली. आपले आचार्य केवळ गुणधर्म सांगून थांबत नाहीत. ते शिजवावयास सांगतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दुसऱ्याच अध्यायात २८ यवागू आल्या आहेत. सत्ताविसाव्या अध्यायात तसेच सुश्रुताच्या सूत्रस्थानातील सेहेचाळिसाव्या अध्यायात कृतान्नांचा, म्हणजे शिजवून सिद्ध केलेल्या अन्नाचा, स्वतंत्र वर्ग आहे. पाण्याचे प्रमाणही निश्चित आहे : मंडास धान्याच्या चौदापट, यवागूस सहापट, विलेपीस चौपट. ग्रंथागणिक थोडाफार फरक पडतो. परंतु माप सांगितलेले आहे, हे महत्त्वाचे. ‘हलके खा’ असे मोघम सांगून रुग्णाची बोळवण केलेली नाही.

संसर्जन क्रमात तर पेया, विलेपी, यूष व मांसरस यांचे अन्नकाल मोजून दिले आहेत : प्रधान शुद्धीत प्रत्येकी तीन, मध्यम शुद्धीत दोन, अवर शुद्धीत एक. विमानस्थानात आहारविधीची जी आठ आयतने सांगितली, त्यांत प्रकृती, करण, संयोग व राशी यांच्याबरोबरच देश, काल, उपयोगसंस्था आणि शेवटी उपयोक्ता, म्हणजे खाणारा माणूस, यांचा समावेश आहे. आमच्या छापील कागदात देश नव्हता आणि उपयोक्ताही नव्हता. म्हणून तो फसला.

सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी रचलेल्या ‘भोजनकुतूहल’ या ग्रंथाचा येथे उल्लेख करावासा वाटतो. संस्कृत ग्रंथ लिहीत असतानाही या पंडिताने आपल्या प्रांतातील पदार्थांची रोजच्या बोलीतील नावे कमीपणाची मानली नाहीत. अलीकडच्या काळात कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) तराजूऐवजी वाटी-चमच्याचे माप वापरून घराघरांत स्थान मिळविले. वैद्याने या दोघांपासून एकेक गोष्ट घ्यावी : नाव रुग्णाच्या बोलीतले आणि माप त्याच्या स्वयंपाकघरातले.

काही घरगुती कृती

पुढील कृती आम्ही स्वतः करून पाहिलेल्या, खाल्लेल्या व रुग्णांना लिहून दिलेल्या आहेत. वाटी म्हणजे घरातील नेहमीची आमटीची वाटी.

*१. ज्वारीच्या कण्या.* एक वाटी ज्वारीला पाण्याचा हात लावून अर्धा तास ठेवावे. मग ती जात्यावर अथवा मिक्सरमध्ये जाडसर भरडावी. चाळून पीठ वेगळे काढावे; ते भाकरीस उपयोगी पडते. सहा वाट्या पाण्यास उकळी आणून चवीपुरते मीठ घालावे व कणी हळूहळू वैरावी. गुठळी होऊ न देता ढवळीत राहावे, नंतर मंद आचेवर अर्धा तास शिजू द्यावे. कणी बोटांनी दाबली असता विरघळली पाहिजे. वाढताना चमचाभर तूप व वाटीभर ताजे, लोणी काढलेले, न आंबलेले ताक द्यावे. अग्नी फारच मंद असेल तर पाणी वाढवून पातळ करावे व वरची निवळ आधी पाजावी. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हापासून ज्वारीला शहरांतही मान मिळू लागला. माणदेशात मात्र तिचा मान कधी गेलाच नव्हता.

*२. मऊ भात व मेतकूट.* आमच्या घरचे हे सर्वांत आवडते जेवण. शनिवारी रात्री मऊ भात, मेतकूट, वर तुपाची धार, भाजलेला पापड आणि लिंबाच्या लोणच्याची फोड. यापुढे पंचपक्वान्नांचे ताट फिके वाटते. भातासाठी एक वाटी जुना तांदूळ कोरडाच किंचित भाजून, धुऊन, पाच ते सहा वाट्या पाण्यात जिरे व मीठ घालून गुरगुट्या शिजवावा. ज्वरातून उठलेल्यास, दात नसलेल्या वृद्धास, परीक्षेच्या काळात जेवण न जाणाऱ्या मुलास हा सारखाच रुचतो.

मेतकुटासाठी हरभऱ्याची डाळ एक वाटी, उडदाची डाळ अर्धी वाटी, तांदूळ पाव वाटी, गहू पाव वाटी, धने दोन चमचे, जिरे एक चमचा, मेथ्या व मोहरी प्रत्येकी अर्धा चमचा घ्यावी. प्रत्येक जिन्नस वेगवेगळा, तेलाशिवाय, मंद आचेवर खमंग भाजावा. एकत्र भाजल्यास मेथ्या जळतात आणि डाळ कच्ची राहते. थंड झाल्यावर सुंठ, हळद व हिंग प्रत्येकी पाव चमचा घालून बारीक दळावे. मीठ खाताना घालावे.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. हे प्रमाण आमचे आहे, आमच्या मातोश्रींचे नव्हे. त्यांचे प्रमाण त्यांच्या हातात होते. आम्ही शेकडो रुग्णांची प्रकृती लिहून घेतली, पण आईचे मेतकूट कधी लिहून घेतले नाही. त्या निवर्तल्या तेव्हा फडताळात अर्धी बरणी शिल्लक होती. ती पुरवून पुरवून खाल्ली आणि संपण्यापूर्वी चवीवरून माप जुळविण्याचा प्रयत्न केला. वर दिले आहे ते त्याचेच फळ. धाकटी बहीण म्हणते, “जवळ आलंय, पण आईचं नाही.” ते खरे आहे.

*३. मुगाचे कढण.* अर्धी वाटी अख्खे मूग भाजून आठ वाट्या पाण्यात शिजवावेत. पाणी निम्मे उरल्यावर मूग घोटून गाळून घ्यावे. स्नेह, लवण व कटू द्रव्याविना दिले तर तो अकृत यूष. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भूक वाढल्यावर त्यासच तूप-जिऱ्याची फोडणी, हिंग, किसलेले आले, सैंधव व एखादे आमसूल द्यावे. तो कृत यूष झाला. संसर्जन क्रमातील हा फरक रुग्णाच्या घरी ‘आज बिनफोडणीचे, परवापासून फोडणीचे’ इतक्या सोप्या शब्दांत सांगता येतो. सर्व सूप्य धान्यांत मूग श्रेष्ठ का, हे ज्याने हे कढण आजारात प्यायले आहे त्यास वेगळे समजवावे लागत नाही.

*४. हुलग्याचे माडगे.* हुलगे म्हणजे कुळीथ. ते भाजून दळलेले पीठ दोन मोठे चमचे घ्यावे व अर्धी वाटी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावे. दोन वाट्या पाण्यात सुपारीएवढा गूळ घालून उकळी आणावी, त्यात हे पीठ ओतून सात-आठ मिनिटे ढवळीत शिजवावे. शेवटी चिमूटभर सुंठ व मीठ. गूळ नको असल्यास लसूण-जिऱ्याची फोडणी द्यावी. थंडीच्या दिवसांत, सर्दी-खोकल्यात, कफ-वात प्रधान अवस्थेत हे गरम गरम प्यावे. कुलत्थ उष्णवीर्य व अम्लविपाकी असल्याने अम्लपित्त, रक्तपित्त व गर्भावस्थेत देऊ नये.

*५. अळणी रस्सा.* आपल्यापैकी अनेकांच्या पथ्यपत्रकांत मांसरसाचा उल्लेखही नसतो. संहितांत मात्र तो बृंहणासाठी, क्षीण व कृश रुग्णांसाठी पानोपानी आला आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत मांसाहारी घरांतून मटण शिजवताना तिखट-मसाला घालण्यापूर्वीच पातळ रस वेगळा काढून ठेवतात. तो अळणी रस्सा. लहान मुले, बाळंतीण व आजारी माणूस यांचा त्यावर पहिला हक्क असतो. पावशेर हाडांसह कोवळे मटण हळद, थोडे मीठ, आले-लसूण व चिरलेला कांदा यांसह तुपावर परतून, सहा वाट्या पाण्यात मंद आचेवर पूर्ण शिजवावे आणि वरचा रस गाळून घ्यावा. ज्याच्या घरी मांस शिजते त्यास हा सांगण्यात संकोच नसावा. ज्याच्या घरी शिजत नाही त्यास आग्रह नसावा. त्याच्यासाठी मुगाचे कृत यूष आहेच. रुग्णाच्या ताटावर आपल्या घरच्या चालीरीती लादणे हाही देश व उपयोक्ता यांचा विसरच होय.

तारतम्य हवे

साधेपणाचा अर्थ सरसकटपणा नव्हे. प्रमेहाच्या रुग्णास गुळाचे माडगे अथवा वाटीमागून वाटी मऊ भात देता येणार नाही; त्याची राशी मोजावी लागेल. वृक्कविकारात मीठ, डाळी व मांसरस यांचे प्रमाण तपासण्यांचे अहवाल पाहूनच, त्याच्यावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरवावे. गहू न सोसणाऱ्यांसाठी मेतकुटातील गहू वगळावा. आणि सर्वांत महत्त्वाचे : वजन सतत उतरत असेल, मलातून रक्त जात असेल, ज्वर हटत नसेल अथवा वांती थांबत नसेल, तर कढणाच्या भरवशावर दिवस काढू नयेत, तपासणी प्रथम. पथ्य हे चिकित्सेचे अंग आहे, ती निदानाची पळवाट होता कामा नये.

आणखी एक व्यावहारिक सूचना. कृती सांगताना ती नेहमी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीस सांगावी. रुग्ण पुरुष असेल तर तो मान डोलावतो आणि उंबऱ्यावरच सारे विसरतो. घरी चूल कोण सांभाळते, त्या व्यक्तीस शेजारी बसवावे, आणि सांगण्यापूर्वी विचारावे, “तुमच्याकडे आजारी माणसाला काय करून घालतात?” या एका प्रश्नाने आम्हांस जेवढे कृतान्न शिकविले तेवढे कोणत्याही टीकाग्रंथाने शिकविले नाही. कोकणात याचे उत्तर पेज असे येते, देशावर कण्या, तर कोठे भाकरी कुस्करून घातलेले ताक. उत्तर मिळाल्यावर वैद्याचे काम उरते ते निवडण्याचे, प्रमाण ठरविण्याचे आणि एखाद्या द्रव्याची जोड देण्याचे.

एक विनंती

आमच्या चिकित्सालयात आता छापील पथ्यपत्रक नाही. औषधांच्या कागदाची मागची बाजू आम्ही कोरी ठेवतो. त्यावर त्या रुग्णासाठी, त्याच्या घरात असलेल्या धान्यातून, एक अथवा फार तर दोन कृती वाटी-चमच्याच्या मापाने हाताने लिहून देतो. वेळ पाच मिनिटे अधिक लागतो, हे मान्य. गर्दीच्या दिवशी तो देणे जड जाते, हेही मान्य. परंतु त्या पाच मिनिटांची काटकसर एकदा किती महाग पडली, हे वर सांगितलेच आहे.

वैद्यबंधुभगिनींना विनंती अशी, की प्रत्येकाने आपल्या भागातील आजारी माणसाच्या जेवणाच्या दोन-तीन कृती, तेथील नावासह व मापासह, लिहून शाखेच्या मासिक सभेत आणाव्यात. खानदेश, विदर्भ, मराठवाडा, कोकण व गोमंतक येथील चुलींवर अशी कितीतरी कृतान्ने आजही शिजत आहेत. ती ज्यांच्या हातात आहेत त्या स्त्रिया आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांपैकी एखादी आपल्याच घरी असेल, तर आरंभ तेथूनच करावा, आणि शक्यतो येत्या रविवारीच करावा. वही आणि पेन घेऊन तिच्याजवळ बसावे. ती म्हणेल, “त्यात काय लिहायचं, अंदाजाने घालायचं.” तिचा तो अंदाज वाटीने मोजून घ्यावा.

सुनेने विचारलेल्या त्या प्रश्नाचे आम्ही दिलेले उत्तर एका शब्दाचे होते : “चालेल.” आजोबांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी प्रथम हसू दिसले. पुढच्या खेपेस त्यांनी पिशवीतून किलोभर ज्वारी आणली आणि टेबलावर ठेवीत म्हणाले, “घरी करून बघा.” आम्ही ती घेतली आणि त्याच रात्री कण्या शिजविल्या. पहिल्या खेपेस खाली लागल्या.